सोनगीरचा तरंगता धक्का

"मॅडम, साहेबांना सांगा, मधोमध पाय टाका. कडेला नको," नाना म्हणाले.

मी सांगेपर्यंत साहेबांनी कडेलाच पाय टाकला होता. निळे ड्रम गर्रकन फिरले, त्यांच्यावर बांधलेली बांबूची तट्टी तिरकी झाली आणि मुंबईहून खास पाहणीला आलेले राजन सर ड्रम आणि काठ यांच्या मधल्या चिखलात उभेच्या उभे उतरले. मांडीपर्यंत. पाणी गुडघाभरच होतं, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. पण बाहेर कसं यायचं ते कोणालाच कळेना. आमच्याकडची काळी माती ओली झाली की पाय सोडत नाही. सरांनी दोनदा पाय ओढून पाहिला, आणखी थोडे खाली गेले, आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. एरवी ती अप्रेझलच्या वेळी असते.

"बठ्ठा बाजूले व्हा रे! कोनी उडी टाकू नका!" नाना पोरांवर अहिराणीत ओरडले.

हे सगळं माझ्यामुळे झालं होतं, म्हणून आधी मी कोण ते सांगते.

माझं आडनाव भामरे. जळगावच्या एमआयडीसीत एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते. कंपनी मध्यम आहे. जळगावात पाइप म्हटल्यावर लोकांच्या तोंडी जी नावं येतात त्यांत आमचं येत नाही. एकोणीस वर्षं मी क्वालिटीत होते. पाइप मोजायचे, दाबून बघायचे, फोडून बघायचे, आणि नापास झाले की लाल शिक्का मारायचा. तीन वर्षांपूर्वी मला सीएसआरला टाकलं. सीएसआर म्हणजे नफ्यातला काही भाग समाजाच्या कामासाठी देणारा विभाग. त्यात आमच्याकडे 'कम्युनिटी ग्रँट' असते. गावातल्या छोट्या मंडळांनी अर्ज करायचा, मी जागेवर जाऊन रिपोर्ट लिहायचा, मुंबईच्या कमिटीने हो किंवा नाही म्हणायचं. राजन सर त्या कमिटीचे प्रमुख.

अर्ज बहुतेक ठरलेले असतात. पाण्याची टाकी, वाचनालय, कबड्डीची मॅट. त्या वर्षी सोनगीरकडच्या एका खेड्यातून वेगळाच अर्ज आला. वहीच्या पानावर, निळ्या शाईने. 'आमच्या तलावावर सोळा मुलं-मुली रोइंग शिकतात. बोट एकच आहे, तीही जुनी आहे. दोन बोटी, वल्ही आणि लाइफ जॅकेट मिळावीत ही विनंती.' खाली सही होती आत्माराम सोनवणे, सुभेदार, निवृत्त. म्हणजेच नाना.

मुंबईने तो वाचला आणि कळवलं, 'पर्यटनाला आपण देत नाही.' त्यांना वाटलं, हे चौपाटीवरचं बोटिंग. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. मग मी धुळ्याला दुसऱ्या कामासाठी गेले असताना तिकडे वाट वाकडी केली आणि काठावर उभी राहून पाहिलं.

रोइंगची बोट म्हणजे शाळेच्या बाकाएवढी रुंद आणि दोन जीप एकामागे एक उभ्या कराव्यात एवढी लांब. वल्हवणारा उलटा बसतो. जायचंय तिकडे त्याची पाठ असते. बसायची सीट रुळांवर पुढेमागे सरकते, म्हणजे जोर हातांपेक्षा पायांचा जास्त लागतो. बोटीच्या दोन्ही अंगांनी लोखंडी हात बाहेर आलेले असतात, त्यांना रिगर म्हणतात. वल्ही त्यांत अडकवायची. बोट इतकी हलकी की नुसतं वळून बघितलं तरी डुलते. नाना सैन्यात असताना हे शिकले होते. निवृत्त झाल्यावर गावी आले, तलाव दिसला, आणि नाशिकच्या एका क्लबने मोडीत काढलेली दोघांची बोट त्यांनी टेम्पोतून आणली. फायबरची ठिगळं लावून ती पाण्यात सोडली.

त्या दिवशी बोटीत निकिता आणि मुस्कान होत्या. निकिताच्या घरी कापूस आणि कांदा. मुस्कानचे वडील यासीनभाई पाइपलाइनचे जोड मारायचं काम करतात. दोघी अकरावीला. वल्ही पाण्यात एकदम जात होती आणि एकदम निघत होती. मध्ये फक्त सीट सरकल्याचा आवाज. मी मुंबईला व्हिडिओ पाठवला. सोबत लिहिलं, 'सर, हे पर्यटन नाही. यात घाम येतो.'

कमिटी तयार झाली. फक्त सेफ्टी ऑफिसरने एक अट घातली. मुलं बोट खांद्यावर घेऊन चिखलातून पाण्यात जातात, ते चालणार नाही. बोटीत चढायला धक्का हवा. धक्का म्हणजे जेट्टी, काठापासून पाण्यात गेलेली उभं राहायची जागा. पोहण्याची काळजी नव्हती. नानांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, तापीकाठच्या माहेरच्या. त्यांनी सगळ्या मुलांना कंबरेला सुका भोपळा बांधून स्वतःच्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. भोपळा सुटल्याशिवाय बोटीला हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा.

पण धक्का बांधायचा कुठे? तलाव पाटबंधारे खात्याचा. नानांनी परवानगी काढली होती ती उचलून नेता येईल अशाच वस्तूंची. सिमेंट चालणार नव्हतं. आणि चाललं असतं तरी उपयोग नव्हता, कारण दिवाळीला पाणी जिथे असतं तिथे मार्चमध्ये शेळ्या चरतात. पाणी मागे हटत जातं, आणि मध्ये राहतो तो नुसता चिखल.

मग मी इंटरनेटवर एक व्हिडिओ शोधला. प्लास्टिकच्या ड्रमवर बांबू बांधून केलेला तरंगता धक्का. परदेशातल्या कुठल्याशा स्वच्छ तळ्यात तो छान तरंगत होता. मी तो नानांना पाठवला. नानांनी आठवड्यात तसा बांधला. आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तर, सर चिखलात. नाना दोर आणायला धावले. तेवढ्यात बांधावर एक टेम्पो थांबला. मागे काळे पाइप भरलेले. यासीनभाई उतरले. ते मुलीला घरी न्यायला आले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की आज तलावावर कंपनीचे लोक येणार, मुलींचे फोटो काढणार, आणि ते त्यांना पटलं नव्हतं. त्यांनी एक नजर चिखलाकडे टाकली, एक सरांकडे. टेम्पोतले दोन पाइप ओढले, चिखलावर शेजारी शेजारी आडवे टाकले आणि त्यांच्यावरून सरळ चालत गेले. पाइप बोटभर दबले, तेवढेच.

"साहेब, पाय ओढू नका. पोटावर आडवे व्हा. पाइपावर."

"माझा शर्ट..." सर म्हणाले.

"शर्ट धुता येतो."

सर आडवे झाले. यासीनभाईंनी त्यांना बगलेत धरून हळूहळू सरकवलं. पाच मिनिटांत सर बांधावर आले. एक बूट आतच राहिला.

मग यासीनभाई माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला.

"हाऊच गारा शे ना, मॅडम? यामा मनी पोर रोज उतरस. माले आज समजनं."

याच चिखलातून आपली मुलगी रोज जाते, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. घरी मुस्कानने सांगितलं होतं की नानांकडे व्यायामाला जाते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. ती खाली मान घालून उभी होती.

"पंधरा वर्षं या तलावात पाइप टाकतोय मी," ते आता माझ्याशी मराठीत बोलू लागले. "शेतकऱ्यांच्या मोटारींचे. हा गारा मला विचारा. म्हैस अडकली होती गेल्या साली, ट्रॅक्टरने काढली. आणि तुम्ही पोरींना खांद्यावर बोट देऊन पाठवता?"

ते मुलीला घेऊन निघून गेले. त्यांचे दोन पाइप तिथेच राहिले.

सरांनी नानांच्या बोअरवर अंघोळ केली. नानांची ट्रॅक पॅन्ट त्यांना आखूड झाली. गाडीत पारोळ्यापर्यंत ते ती खाली ओढत बसले.

"भामरे, फाइल बंद करा," मग ते म्हणाले.

"सर, पंधरा दिवस द्या."

"कशाला?"

"ते दोन पाइप बघितलेत ना? एक माणूस वर चालला, तुम्हाला ओढलं, तरी बुडाले नाहीत. चिखलावर जे टिकतं ते पाण्यावर तरंगेल. तोंडं बंद केली की झालं. आणि बाजूबाजूला जोडले तर ड्रमसारखे फिरणार नाहीत."

सरांनी फोनवर तारखा बघितल्या. मग म्हणाले, "महिनाअखेर कमिटी आहे. सेफ आहे असं लेखी द्या. सही तुमची. पोरगं पडलं तर मी तुमचं नाव सांगणार."

एकोणीस वर्षं सह्या केल्या. पण त्या पाइपावर होत्या. या सहीमागे सोळा मुलं होती.

दुसऱ्या दिवशी मी परत सोनगीरला गेले. यासीनभाईंच्या घरी. चहा आला. मी म्हटलं, "यासीनभाई, मी माफी मागायला आले आणि मदत मागायलाही. तुमच्याइतका तो चिखल कोणाला माहीत नाही. तुम्ही धक्का बनवणार असाल तर करू. तुम्ही नाही म्हणालात तर मी फाइल बंद करते."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग विचारलं, "पाइप कोणता देणार?"

तेव्हा मला कळलं की ते आदल्या दिवसापासून याचाच विचार करत होते.

त्यांनी फरशीवर खडूने चित्र काढलं. एक लांब धक्का नाही, चार तुकडे. एकमेकांना दोराने बांधलेले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखे. काठाकडचे दोन चिखलावर पडून राहतील, पुढचे दोन पाण्यावर तरंगतील. पाणी हटलं की साखळी पुढे ओढायची. इतकं सोपं. मी क्वालिटीतली, मला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

"सहा जाड पाइप घेऊ एका तुकड्याला," ते म्हणाले. "हत्ती उभा राहील."

दारात मुस्कान उभी होती. म्हणाली, "अब्बा, जाड नको. उंच होईल."

"उंच झालं तर काय?"

"रिगर अडकेल. बोट धक्क्याला लावली की रिगर धक्क्याच्या वरून आत यायला पाहिजे. धक्का एवढाच हवा पाण्याच्या वर." तिने वितीहून थोडं कमी अंतर हाताने दाखवलं. "आणि चढताना वल्हं असं सपाट ठेवायचं असतं. उंच असेल तर बोट कलते."

ती मग बसलीच. खडू घेतला, बोट काढली, वल्ही काढली, कोण आधी पाय ठेवतं, दुसरीने बोट कशी धरायची, सगळं सांगितलं. यासीनभाई चित्राकडे कमी आणि मुलीकडे जास्त बघत होते. ती बोटीत काय करते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिने बोलणं संपवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सहाच्या जागी बारा बारीक पाइप. दुप्पट जोड."

"हो अब्बा."

"मारू दुप्पट जोड," ते म्हणाले.

आता पाइप. आमच्या यार्डात रिजेक्ट पाइपांची रास असते. जाडी एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त, असं झालं की तो पाइप पाण्याचा दाब सहन करणार नाही, म्हणून तो विकायचा नाही. पण तरंगायला त्याला कोणी अडवत नाही. हे पाइप आम्ही दळून परत वापरतो. मी प्लांट हेड चौधरी साहेबांकडे गेले.

"रिजेक्ट माल गेटबाहेर जात नाही," ते म्हणाले. "नियम आहे."

"माहीत आहे सर, पण..."

"मॅडम, नियम तुमचाच आहे. तुमचीच सही आहे खाली. काढून दाखवू?"

त्यांनी खरंच काढून दाखवला. नियम बरोबर होता. नापास पाइप बाहेर गेला की कोणीतरी तो चांगला म्हणून विकतो, आणि शेतकऱ्याच्या शेतात फुटतो. मी तो नियम मोडायला तयार नव्हते आणि चौधरी साहेबही नव्हते. अर्धा तास आम्ही दोघं एकाच बाजूने भांडत होतो.

शेवटी मीच म्हटलं, "सर, पाइप बाहेर जाऊच नये. यार्डातच तुकडे करू, दोन्ही तोंडं बंद करू. तोंड बंद केलेला पाइप कोणी पाइप म्हणून विकत घेईल का?"

ते हसले. "नाही. मग त्याला काय म्हणायचं?"

"तरंगा."

गेटपासवर तेच लिहिलं गेलं. वॉचमनने तीनदा विचारलं, तरंगा म्हणजे काय.

यासीनभाई आपलं मशीन घेऊन जळगावला आले. चार दिवस आमच्या यार्डात काम चाललं. प्लास्टिकच्या पाइपाला वेल्डिंग असतं, पण ठिणगी नसते. एक तापलेली चकती असते. पाइपाचं तोंड आणि झाकण दोन्ही बाजूंनी तिला टेकवायची, मऊ झाली की चकती काढून एकमेकांवर दाबून धरायची. जोडाभोवती गोल वळी उठते. वळी सगळीकडे सारखी उठली तर जोड चांगला. आमच्या कंपनीतली पोरं घड्याळ लावून हे करतात. यासीनभाई वासावरून सांगत होते. मला ते पटत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक तरंगा टाकीत बुडवून बुडबुडे बघायला लावले.

एकोणतिसाव्याला बारीक बुडबुडे आले.

"मशीन तुमच्या शेडमध्ये वाऱ्यावर होतं," ते म्हणाले.

"असेल. पण हा नापास."

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग तो जोड कापला, परत मारला आणि स्वतःच टाकीकडे घेऊन गेले. त्यानंतरचे सगळे त्यांनी मला न विचारता स्वतः बुडवले. चौधरी साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस आपल्याकडे क्वालिटीत येईल का?" मी जाऊन त्यांना विचारलं. यासीनभाई म्हणाले, "छताखाली जमत नाही मॅडम."

बारा-बारा तरंगे जोडून केलेले चार तुकडे ट्रकमधून सोनगीरला गेले. नानांच्या पोरांनी ते दोन तासांत पाण्यात उतरवले. वर लाकडी फळ्या ठोकल्या. राजन सरांना बोलावलं होतं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघणं पसंत केलं.

मी सोळाच्या सोळा मुलांना लाइफ जॅकेट घालून शेवटच्या तुकड्यावर उभं केलं आणि म्हटलं, "आता सगळे एकाच कडेला या." नाना दोर घेऊन तयार, अक्का साडी खोचून तयार. तुकडा कलला. फळीला पाणी लागलं. तिथेच थांबला. पोरं एकमेकांना धरून किंचाळत होती, पण ती मजेची किंचाळी होती. मी त्यांना उड्या मारायला सांगितल्या. तरी थांबला.

"आता तुम्ही या मॅडम," यासीनभाई म्हणाले.

मी साठ किलोच्या खूप पुढे आहे. गेले. थांबला.

"भामरे, पुरे," फोनमधून सर म्हणाले. "मला इथे बघून गरगरतंय."

मग मुस्कान आणि निकिताने बोट आणली. पायाला चिखल न लागता. बोट धक्क्याला लावली, रिगर फळीवरून अलगद आत आला. मुस्कानने वर बघितलं नाही, पण तिला माहीत होतं कोण बघतंय. दोघी बसल्या, धक्क्याला रेटा दिला आणि निघाल्या. दहा-बारा वल्ह्यांत तलावाच्या मध्यावर.

यासीनभाई नानांशेजारी येऊन उभे राहिले. मग नानांना म्हणाले, "उलटं बसून जातात?"

"हा."

"मग पुढचं कसं दिसतं?"

"मान वळवतात मध्येमध्ये. नाहीतर मागचीवर भरवसा."

"डोकं दुखत नाही?"

"तुमच्या पोरीचं नाही दुखत," नाना म्हणाले.

मी सही केली. ग्रँट मंजूर झाली. दोन बोटी आल्या, वल्ही आली, आणि पाणी नसेल तेव्हा जमिनीवर सराव करायची दोन मशीन आली. ती अक्कांच्या ओसरीत आहेत. संध्याकाळी बायका त्यांच्यावर बसून बघतात.

राज्य संघाच्या शिबिरासाठीची निवडचाचणी नाशिकला होती. निकिता आणि मुस्कान पहिल्या पाचशे मीटरपर्यंत दुसऱ्या होत्या. मग शेजारच्या लेनमध्ये घुसल्या आणि बाद झाल्या. आमच्या तलावावर लेन नसतात. दोघींना सरळ रेषा ही गोष्ट पहिल्यांदाच भेटली. परत येताना टेम्पोत पुढे नाना, मागे बोटीजवळ यासीनभाई आणि दोन्ही मुली. सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत तिघं दोर ताणून लेन कशा आखायच्या यावर वाद घालत होते. पुढच्या वर्षी त्या तिसऱ्या आल्या आणि मग मशीनवर एकेकीची वेगळी चाचणी होऊन निकिताची शिबिरासाठी निवड झाली. मुस्कानची एका जागेने हुकली. ती दोन दिवस तलावाकडे फिरकली नाही, तिसऱ्या दिवशी सहाला तलावावर हजर होती. आता मुलं एकतीस झालीत. यासीनभाईंना मासेमारी सोसायटीने तसाच धक्का सांगितलाय. ते माझ्याकडे तरंगे मागायला आले होते. चौधरी साहेबांनी रीतसर पत्र मागितलं.

या कामातून मी काय शिकले, असं राजन सरांनी रिपोर्टमध्ये लिहायला सांगितलं होतं. मी काही लिहिलं नाही. फक्त अर्जाच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: 'या कामाला गावात कोणाचा विरोध आहे? त्यांचे नाव व फोन नंबर.' अर्जदारांना वाटतं, विरोध दिसला की अर्ज बाद होणार, म्हणून बरेच जण 'कोणाचाही नाही' असं लिहितात. त्यांचे अर्ज मी शेवटी ठेवते. ज्यांनी नाव लिहिलंय, त्या नावाला पहिला फोन करते.